लांकडी धनुष्य : त्याची घडण आणि त्याचा वाक

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे गांवोगांवचीं मुलें बांबूची एखादी कामटी घेतात, सुतळीनें तिचीं दोन्हीं टोकें ओढून बांधतात आणि ज्वारीच्या धाटाचे बाण करून दिवसभर नेम मारीत बसतात. संध्याकाळपर्यंत बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर ती कामटी कडकन् मोडते, किंवा ती एकाच जागीं इतकी वांकून राहते कीं, तिच्यापासून सुटलेला बाण दहा पावलांपलीकडे जात नाहीं. "कामटीच कच्ची होती" असें म्हणून मुलें दुसरी आणावयास धांवतात. परंतु दोष बहुधा लांकडाचा नसतो. त्या कामटीचा बराचसा भाग स्वस्थ बसला होता व एका लहानशा जागेवर सगळा भार पडला होता, हें मोडण्याचें खरें कारण असतें. हा भार सर्व अंगांत योग्य रीतीनें वांटून देणें, हीच धनुष्य घडविणाराची मुख्य विद्या होय. ती थोडक्या हत्यारांनीं घरच्या घरीं कशी साधतां येते, हें ह्या लेखांत क्रमानें सांगावयाचें आहे.

धनुष्य हें मनुष्याच्या अत्यंत जुन्या यंत्रांपैकीं एक आहे. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत, इटली व ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीजवळ, बर्फांत गाडलेलें एका मनुष्याचें शव सांपडलें. तो मनुष्य सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचा असावा, असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे. त्याच्याजवळ यू नांवाच्या झाडाच्या लांकडाचें, जवळजवळ सहा फूट लांबीचें एक धनुष्य होतें. पण तें अपुरें होतें. त्यावर तासल्याच्या खुणा तशाच होत्या आणि दोरी चढविलेली नव्हती. भात्यांतील १४ बाणांपैकीं दोनच पुरे झालेले होते. आतां बरेंच अलीकडे येऊं. १५४५ सालीं इंग्लंडचें 'मेरी रोज' नांवाचें लढाऊ जहाज समुद्रांत बुडालें व १९८२ सालीं त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला. त्याच्या अवशेषांबरोबर शंभरांहून अधिक धनुष्यें हातीं लागलीं. त्यांची सरासरी लांबी साडेसहा फुटांच्या आसपास आहे. योगायोग असा कीं, त्याच १५४५ सालीं रॉजर ॲस्कम ह्या केंब्रिजच्या विद्वान् शिक्षकानें 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरील इंग्रजी ग्रंथ दोघां मित्रांच्या संवादाच्या रूपानें प्रसिद्ध केला. पुढें हेच गृहस्थ राजकन्या एलिझाबेथ हिचे शिक्षक झाले. आपल्या इकडे सातपुड्यांतील भिल्ल लोक बांबूचें धनुष्य करीत आले आहेत. त्याची दोरीसुद्धां बांबूच्या पातळ पट्टीची असते. अशा धनुष्यास मराठींत 'कामठा' असा स्वतंत्र शब्दच आहे. तेव्हां ही कला आपणांस कोठून परक्या देशांतून आणावयाची आहे असें नाहीं.

प्रथम धनुष्याच्या अंगांचीं नांवें समजून घेऊं. मध्यें मूठ असते. संस्कृत कोशांत तिला 'लस्तक' म्हटलें आहे. दोन्हीं टोकांस 'कोटि' म्हणतात. मूठ व कोटि यांच्यामधील जो वांकणारा भाग त्यास आपण 'बाहु' म्हणूं. नेम मारतांना जी बाजू लक्ष्याकडे असते ती धनुष्याची पाठ, आणि जी आपल्याकडे असते तें त्याचें पोट. आतां एक लांबट खोडरबर घेऊन त्याच्या कडेवर जवळजवळ उभ्या रेघा ओढा आणि मग तें वांकवा. बाहेरच्या बाजूस रेघा एकमेकींपासून दूर जातात. आंतल्या बाजूस त्या जवळ येतात. मध्यें मात्र त्यांचें अंतर जसेंच्या तसें राहतें. धनुष्यांतही हेंच घडतें. पाठीचे तंतु ताणले जातात, पोटाचे दाबले जातात, आणि मधला थर जवळजवळ निष्क्रिय असतो. म्हणून पाठीवरचा तंतु कोठें कापला गेला तर तेथून ढलपी उचकटते व धनुष्य मोडतें. पोटावर फाजील दाब पडला तर तेथें केंसासारख्या बारीक आडव्या सुरकुत्या उमटतात व लांकूड कायमचें वांकून बसतें. या दोन्हीं आपत्ती टाळणें हें सर्व पुढील कृतींचें प्रयोजन आहे.

लांकूड निवडतांना तें जड किंवा कठीण असावें इतकेंच पाहून भागत नाहीं. तें सरळ तंतूंचें, बिनगांठीचें व लवचिक असावें लागतें. यूरोपांत यू व एल्म हीं झाडें ह्या कामीं नांवाजलेलीं आहेत. आपल्या रानांतील धामण हें झाडहि ह्या गुणांबद्दल प्रसिद्ध आहे. त्याचें लांकूड चिवट व लवचिक असल्यामुळें हत्यारांचे दांडे व कावडी करण्यास तें वापरतात. संस्कृतांत त्या झाडास 'धन्वन' म्हणतात, आणि 'धनु' शब्दाशीं त्याचें साम्य उघड आहे. बांबूचें धनुष्य करावयाचें असल्यास भरीव, जाड अंगाचा बांबू घ्यावा. मात्र लांकडासाठीं कोणीं कुऱ्हाड घेऊन सरकारी रानांत शिरूं नये. तो कायद्यानें गुन्हा आहे. आपल्या शेताच्या बांधावरील झाडाची फांदी, किंवा वखारींतील सरळ फळी एवढ्यावर काम भागतें. फळी घ्यावयाची तर तिच्यावरील तंतूंच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जातात कीं नाहीं, हें नीट पाहावें. ज्या रेघा तिरप्या होऊन कडेस बाहेर पडतात, तेथेंच ती फळी पुढें दगा देते. फांदी असेल तर साल काढल्यावर लागणारें वार्षिक वलय हीच धनुष्याची पाठ समजावी व त्या वलयास कोठेंही हत्यार लागूं देऊं नये. बांबूचेंहि तसेंच आहे. त्याच्या बाहेरील त्वचेंत सर्वांत बळकट तंतु दाट बसविलेले असतात, म्हणून ती पाठीस ठेवून फक्त आंतली बाजू तासावी.

ओल्या लांकडाचें धनुष्य कधीं करूं नये. ओलें लांकूड वांकतें खरें, पण उलटून येत नाहीं. फांदी उभी चिरून, तिच्या दोन्हीं टोकांस रंग किंवा मेण लावून ती सावलींत वारा लागेल अशी ठेवावी. टोकें उघडीं राहिलीं तर तीं लवकर वाळून तडकतात. लांकूड वाळलें किंवा नाहीं हें डोळ्यांनीं कळत नाहीं, तें तराजूनें कळतें. दर आठवड्यास तें तोलावें व वजन वहींत लिहून ठेवावें. वजन उतरावयाचें थांबलें म्हणजे तें त्या हवेस जितकें वाळावयाचें तितकें वाळलें असें समजावें. कोंकणांत आषाढ-श्रावणांत हवाच इतकी दमट असते कीं, ह्या महिन्यांत कामास हात न घालणें बरें. तें दिवाळीनंतर सुरू करावें.

आतां मापें पाहूं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची ओढ, म्हणजे बाण हनुवटीपर्यंत ओढला असतां मुठीच्या पाठीपासून दोरीपर्यंतचें अंतर, सामान्यतः २४ ते २६ इंच असते. धनुष्याची लांबी ओढीच्या अडीचपट ठेवली तर लांकडावर फाजील ताण पडत नाहीं; म्हणून २६ इंच ओढीस साडेपांच फूट लांबी घ्यावी. मधले चार इंच मुठीकरितां जाड राखावे. तेथें जाडी दीड इंच व रुंदी सव्वा इंच असावी. मुठीच्या दोन्हीं बाजूंस दोन दोन इंचांत ही जाडी हळूहळू उतरवीत बाहूस आणावी. बाहूची रुंदी आरंभीं पावणेदोन इंच असूं द्यावी, ती अर्ध्या बाहूपर्यंत तशीच ठेवावी, व तेथून निमुळती करीत कोटीशीं अर्ध्या इंचावर आणावी. जाडी प्रथम मुठीजवळ पाऊण इंच व कोटीजवळ अर्धा इंच असावी. ही जाडी शेवटची नव्हे. ती पुढें पुष्कळ कमी व्हावयाची आहे. अशी निमुळती घडण कां करावयाची? दोरीपासून बाहूचा जो भाग जितका दूर, तितका त्यास वांकविणारा जोर अधिक. मुठीपाशीं हा जोर सर्वांत अधिक असतो व कोटीपाशीं तो शून्य होतो. म्हणून जेथें जोर अधिक तेथें लांकूड अधिक, व जेथें कमी तेथें कमी, हा न्याय आहे.

ह्यापुढें एक हिशेब ध्यानांत ठेवला पाहिजे. बाहूची रुंदी एक दशांश कमी केली तर त्याचा ताठपणाहि एक दशांशच कमी होतो. परंतु जाडी एक दशांश कमी केली तर ताठपणा चतुर्थांशाहूनहि अधिक घटतो. कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतो. वर्गांत घन शिकतांना "ह्याचा उपयोग काय?" असें विचारणारे विद्यार्थी असतात. त्यांनीं बारा मिलिमीटर जाडीच्या बाहूवरून एकच मिलिमीटर काढून पाहावा. अकराचा घन १,३३१ व बाराचा घन १,७२८. म्हणजे एका मिलिमीटरानें शेंकडा तेवीस इतका ताठपणा गेला. आणि रंध्यानें गेलेलें लांकूड पुन्हां चिकटवितां येत नाहीं. म्हणून मापाजवळ आल्यावर वाकस व रंधा बाजूस ठेवून कानस घ्यावी, आणि अखेरीस नुसता काचेचा तुकडा घेऊन त्याच्या धारेनें खरवडावें.

आतां ज्यास वाक साधणें म्हणतां येईल, त्या मुख्य कामाकडे वळूं. पाठीस हात लावावयाचा नाहीं. जें काय लांकूड काढावयाचें तें पोटाकडून. प्रथम एक कोटि जमिनीवर टेकून, मूठ हातानें दाबून बाहु थोडासा वांकतो का तें पाहावें; मग दुसरा पाहावा. दोन्हीं बाहु थोडे थोडे वांकूं लागले म्हणजे कोटींपासून अर्ध्या इंचावर दोन्हीं कडांस दोरीसाठीं खांचा कराव्या, पाठ मात्र कापूं नये. एक लांब, सैल दोरी त्यांत अडकवावी. भिंतीवर एक मजबूत खुंटी ठोकून तिच्यावर मूठ अशी ठेवावी कीं, धनुष्य आडवें व दोरी खालीं राहील. खालीं जमिनीजवळ एक कप्पी बसवावी आणि तिच्याखालून घेतलेल्या दोरखंडानें धनुष्याची दोरी खालीं ओढावी. मध्यें ताणकाटा लावावा. अशानें आपण आठदहा फूट दूर उभे राहतों. धनुष्य मोडलें तरी इजा होत नाहीं, व समोरून दोन्हीं बाहूंचा वाक एकाच वेळीं दिसतो. मागील भिंतीवर दोन दोन इंचांवर आडव्या रेघा ओढल्या म्हणजे कोणता बाहु कमी उतरला हें तत्काळ कळतें.

दोरी थोडीशी ओढतांच बहुधा असें दिसतें कीं, एक बाहु काठीसारखा ताठ आहे व दुसरा एका जागीं बिजागरीसारखा मोडल्याप्रमाणें वांकतो आहे. अशा वेळीं नवशिक्याचा हात आपोआप त्या वांकणाऱ्या जागेकडे जातो. कारण दोष तेथें दिसतो. पण ती जागा आधींच दुर्बळ आहे. तेथून आणखी लांकूड काढणें म्हणजे ती मोडण्याची व्यवस्था करणें होय. जेथें वाक अधिक दिसेल तेथें पेन्सिलीनें फुली मारावी आणि त्या जागेस हत्यार लावूं नये. तिच्या दोन्हीं बाजूंस जें लांकूड ताठ राहून काम चुकवीत आहे, तेथून थोडें थोडें काढावें. तें वांकूं लागलें कीं दुर्बळ जागेवरचा भार आपोआप हलका होतो. ह्या एका नियमांत धनुष्य घडविण्याचें सर्व सार आहे. ताठ जागा डोळ्यांस दिसत नसेल तर सहा इंचांची सरळ पट्टी वांकलेल्या बाहूच्या पोटावर ठेवून सरकवीत न्यावी. पट्टीखालीं उजेडाची फट जेथें रुंद तेथें वाक अधिक. जेथें फट दिसतच नाहीं तेथें लांकूड ताठ आहे.

दर वेळीं थोडें खरवडल्यावर दोरी वीस-तीस वेळां हलकेंच ओढून सोडावी व मगच पुन्हां पाहावें, कारण केलेला बदल लांकडांत पुरता उतरण्यास तेवढी हालचाल लागते. दुसरी मर्यादा अशी कीं, धनुष्य शेवटीं जितक्या जोराचें हवें, त्याहून अधिक जोर मधल्या कोणत्याही पायरीवर लावूं नये. समजा, २६ इंच ओढीस २५ पौंड जोर हवा आहे. ताणकाट्यावर २५ पौंड दिसले कीं थांबावें, मग ओढ दहाच इंच झाली असली तरी चालेल. दोन्हीं बाहु सारखे खरवडावे; पुढच्या खेपेस तेच २५ पौंड बारा इंचांवर येतील, मग पंधरांवर, असें करीत २६ इंचांपर्यंत यावें. दोन्हीं बाहु एकसारखे वांकूं लागले म्हणजे लांब दोरी काढून तोकडी दोरी चढवावी. प्रथम धनुष्य व दोरी यांत तीन इंच अंतर ठेवावें, वाक पुन्हां तपासावा, व मग तें सहा इंचांवर न्यावें. खालचा बाहु वरच्यापेक्षां किंचित् ताठ ठेवण्याची जुनी वहिवाट आहे, कारण बाण मुठीच्या वरून जातो व ओढ बरोबर मध्यावर पडत नाहीं. दोरी उतरविल्यावर धनुष्य इंच-दीड इंच वांकलेलें राहिलें तर चिंता नाहीं. तें याहून फार वांकून राहिलें तर लांकूड ओलें होतें किंवा घाई झाली, असें समजावें. शेवटीं काचकागदानें घासून, कडा गोल करून, जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावे.

दोरीचाहि विचार हवा. पूर्वीं आपल्याकडे मूर्वा नांवाच्या वनस्पतीच्या वाखाची दोरी करीत, म्हणूनच दोरीस 'मौर्वी' हें नांव पडलें. यूरोपांत जवसाच्या झाडाच्या धाग्याची दोरी असे. हल्लीं पॉलिएस्टरचा धागा सर्वत्र वापरतात. धागा कोणताहि असो, दोरी धनुष्याच्या जोराच्या निदान चौपट भार सहन करणारी असावी. २५ पौंडांच्या धनुष्यास ती १०० पौंडांस तुटतां कामा नये. ती ताणली असतां लांबणारी नसावी. दोरीस अधिक पीळ दिला म्हणजे ती आंखूड होते व धनुष्यापासूनचें तिचें अंतर वाढतें. पीळ उलगडला म्हणजे तें कमी होतें. अंतर फार कमी असलें तर दोरी मनगटावर फटका मारते. फार अधिक असलें तर बाणास ढकलण्याचें अंतर कमी होऊन त्याचा वेग घटतो. सहा इंचांच्या आसपास अर्धा इंच इकडे-तिकडे करून, जेथें धनुष्याचा आवाज व हातास बसणारा धक्का सर्वांत कमी तेथें तें कायम करावें.

धनुष्य चांगलें असूनहि बाण भलतीकडे जातो, तेव्हां बाण व धनुष्य यांचें जुळत नाहीं असें जाणावें. बाण मुठीच्या कडेस टेकलेला असतो. म्हणजे त्याच्या वाटेंत धनुष्य आडवें उभें आहे. मग तो सरळ जातो कसा? १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील क्लॅरेन्स हिकमन ह्या शास्त्रज्ञानें अतिशय जलद छायाचित्रें घेऊन हें कोडें दृष्टीस आणून दिलें. दोरी सुटतांच बाण मासळीप्रमाणें एकदां इकडे व एकदां तिकडे वांकतो आणि मुठीस वळसा घालून पुन्हां आपल्या रेषेवर येतो. तेव्हां बाणाचा लवचिकपणा धनुष्याच्या जोरास साजेसा असला पाहिजे. डाव्या हातांत धनुष्य धरणाराचे बाण एकसारखे डावीकडे जात असतील तर ते फार ताठ आहेत. ते थोडे खरवडून बारीक करावे किंवा फाळ जरा जड लावावा. उजवीकडे जात असतील तर ते फार लवतात. फाळ हलका करावा. बाणाची खांच दोरीवर मुठीशीं काटकोन होईल त्या बिंदूच्या पाव ते अर्धा इंच वर बसावी, व तेथें दोरा गुंडाळून खूण करावी. गवताच्या पेंढीत रुतलेल्या बाणाचें शेपूट वर उचललेलें दिसलें तर ही खूण थोडी खालीं आणावी.

येथें पालकांस व विद्यार्थ्यांस दोन शब्द सांगणें अवश्य आहे. २५ पौंडांचें धनुष्य हें खेळणें नव्हे. सहा इंचांपासून २६ इंचांपर्यंत, म्हणजे वीस इंच, दोरी ओढतांना त्यांत सांठणारी शक्ति २१ पौंडांचें वजन एक फूट उचलण्यास लागणाऱ्या शक्तीइतकी होते. ही शक्ति बाण घेऊन जातो. बाण न लावतां दोरी ओढून सोडली तर ती सारी परत लांकडावर येते व चांगलें धनुष्य क्षणांत फुटतें. म्हणून रिकामें धनुष्य कधीं सोडूं नये. अधिक लांब हाताच्या माणसानें तें आपल्या ओढीनें ओढूं नये. बाण आकाशांत सोडूं नये. लक्ष्यामागें मातीचा बांध किंवा गवताची गंजी असावी. सर्वांचे बाण संपल्याखेरीज कोणींही पुढें जाऊं नये. डोळा एकदां गेला म्हणजे तो परत येत नाहीं. पहिले दिवस वडील मंडळींपैकीं कोणी जवळ उभें राहिल्यावांचून मुलांस नेम मारूं देऊं नये.

कित्येक आईबापांस हा सगळा खटाटोप म्हणजे अभ्यासाचा वेळ फुकट घालविणें वाटेल. सातारा जिल्ह्यांतील अदिति स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनीं २०२३ सालीं बर्लिन येथें धनुर्विद्येचीं जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं, हें अशा पालकांच्या कानीं आलेंच असेल. त्यांचीं धनुष्यें चक्रें लावलेलीं असतात. तीं कारखान्यांतच होतात, घरीं होत नाहींत. प्रत्येक मूल तेथवर पोहोंचेल असेंहि नाहीं. परंतु जें मूल लांकडाचें वजन आठवड्यागणिक वहींत लिहितें, अर्ध्या मिलिमीटराची जाडी बोटांनीं ओळखावयास शिकतें, आणि एक चुकीचा हात बसला तर महिन्याभराचें काम वायां जाईल हें जाणून हात आंवरून धरतें, त्याचा वेळ वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं. धनुष्य तयार झाल्यावर तें कोरड्या जागीं, दोरी उतरवून, दोन खुंट्यांवर आडवें ठेवावें. कोपऱ्यांत टेकून उभें ठेवूं नये. एवढी काळजी घेतली तर तें पुष्कळ वर्षें टिकतें, आणि थोरल्या भावाचें धनुष्य धाकट्या बहिणीच्याहि कामास येतें.